रायगडाच्या कड्याकडेने चालायचे बूट: देशी रबरी तळाची पारख

महाड-माणगावच्या बाजारात ट्रेकिंगचे बूट घ्यायला गेलेलं गिऱ्हाईक पहिलं विचारतं, "वॉटरप्रूफ आहे का?" रायगडाच्या कड्याकडेने चालायचं असेल तर हा प्रश्न अगदी शेवटी यायला हवा. पहिला प्रश्न तळाच्या रबराचा, दुसरा बोटांना पुढे मिळणाऱ्या जागेचा, तिसरा टाच जागेवर राहते का याचा. या तिन्हींत उतरलेला दोन-अडीच हजारांच्या आतला देशी बूट आमच्या कातळावर आठ हजारांच्या जलरोधक बुटाला मागे टाकतो. हे मत स्वस्ताईच्या प्रेमापोटी बनलेलं नाही. त्याची कारणं दगडात आणि हवेत आहेत.

परीक्षणाला घेतलेली जात अशी: घोट्याच्या जरा खाली किंवा घोट्यापर्यंत येणारा, वरून कृत्रिम चामडं आणि जाड कापड, खाली खोल खाचांचा रबरी तळ, आत पातळ गादी. सह्याद्रीत भटकणाऱ्यांमध्ये 'ॲक्शन ट्रेकिंग' हे नाव वर्षानुवर्षे चालत आलंय ते याच जातीचं. पण नावावर जाऊ नका. कुठल्याही कंपनीत एकाच नावाखाली तळाचा साचा आणि रबर बदलत राहतं. बॉक्सवरचं चित्र बाजूला ठेवून बूट उलटा करा आणि तळ बघा.

कसोटीला रायगड घेतला, कारण एका दिवसात इथे सगळ्या जातीची जमीन पायाखाली येते. गडाची उंची सुमारे 820 मीटर, वर पसरट माथा आणि जवळजवळ चहूबाजूंनी तुटलेला कडा. चालायचं दोन पद्धतींनी. एक माथ्यावरून, कड्याच्या काठाकाठाने: हिरकणी बुरूज, टकमक टोक, जगदीश्वरामागून भवानी टोक, मग कुशावर्त तलावाकडून वाघ दरवाजा. दुसरी गडाची प्रदक्षिणा, कड्याच्या पायथ्यालगत: चित दरवाजापासून निघून टकमक टोकाखालून, भवानी कड्याखालून, काळकाईच्या खिंडीतून हिरकणीवाडी आणि परत. प्रदक्षिणेचं अंतर सुमारे 14-15 किलोमीटर, थांबे धरून सहा ते आठ तास. गड कायम उजव्या हाताला.

आधी दगड समजून घ्या

हा कडा म्हणजे ज्वालामुखीच्या मुखाचा काठ असं बरेच जण सांगतात. तसं नाही. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या लांबच लांब भेगांमधून लाव्हा बाहेर पडून थरावर थर पसरत गेला. नंतर कोकणाच्या बाजूने पावसाने आणि नद्यांनी ते थर कापून काढले आणि मधे रायगडासारखे सुटे डोंगर उरले. काठ तयार केला तो पाण्याने, दगड मात्र अस्सल ज्वालामुखीचा.

बुटाच्या दृष्टीने महत्त्वाचं ते पुढे. लाव्ह्याच्या एकेका थराचा मधला भाग घट्ट असतो, उभ्या चिरांनी फुटतो, त्याचा सरळ कडा होतो. वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांनी भरलेला, म्हणून लवकर झिजतो आणि त्याची गवताळ पट्टी किंवा माची बनते. दोन थरांच्या मधे कित्येक ठिकाणी तांबड्या मातीचा पट्टा सापडतो. प्रदक्षिणेची वाट या झिजलेल्या, मऊ पट्ट्यांवरून जाते, कारण माणसाला आणि गुरांना चालायला तीच जागा उरते. आणि वरच्या कड्याच्या उभ्या चिरांतून सुटलेले दगड येऊन पडतात तेही याच पट्ट्यांवर. म्हणून वाटेवर एकाआड एक तीन गोष्टी भेटतात: मुरमाचा घसारा, सुटे धोंडे आणि उघडा कातळ. तिघांना बुटाकडून वेगवेगळं काही हवं असतं.

सच्छिद्र कातळातल्या बुडबुड्यांच्या पोकळ्यांत पुढे पांढरी खनिजं भरली: झिओलाइट, कॅल्साइट, गारगोटी. जिथे ती निघून गेली तिथे दगड खवल्यासारखा खरखरीत, कोरड्या दिवसात त्यावर कुठलंही बरं रबर चिकटून राहतं. जिथे ती भरलेलीच राहून वरून घासली गेली तिथे पांढरे ठिपके गुळगुळीत लागतात. पाऊल टाकताना काळ्या खडबडीत भागावर टाका, पांढऱ्यावर नको.

तळ

रबराचा मऊपणा मोजायचं माप शोअर ए; आकडा जितका मोठा तितकं रबर कडक. चढाई-चालीच्या बुटांचा चांगला तळ साधारण 60 ते 70 च्या दरम्यान असतो. दुकानात मापयंत्र नसतं, पण अंगठ्याचं नख असतं. खाचेच्या उंचवट्यावर नख जोरात दाबा. नख थोडं रुततं आणि खूण हळूहळू भरून येते तो तळ घ्यावा. नख घसरलं, खूणच उमटली नाही, तर तो कडक पीव्हीसी किंवा तसलंच प्लॅस्टिक आहे. असा तळ दिसायला कितीही दणकट असो, ओल्या घट्ट कातळावर तो साबणासारखा सरकतो. दुसरी खूण म्हणजे चकाकी. नव्या रबरी तळावर साच्याचा तेलकट पापुद्रा असतो, तो काढायला खडबडीत सिमेंटवर दहा मिनिटं पाय घासत चालावं. पॉलिश पेपरनेही काम होतं. नवा बूट थेट गडावर नेऊन "ग्रिप नाही" म्हणणाऱ्यांची निम्मी तक्रार या पापुद्र्याची असते.

खाचांची खोली चार ते पाच मिलिमीटर असावी. त्याहून खोल खाचा मुरमात छान धरतात, पण उघड्या कातळावर दगडाला टेकणारं रबर कमी होतं आणि उंचवटे वाकतात. दोन उंचवट्यांमधलं अंतर करंगळीच्या टोकाएवढं हवं, नाहीतर तांबडी माती अडकून तळ सपाट होतो. टाचेला पुढून स्पष्ट पायरी हवी. उतरताना ब्रेक तीच लावते. अखंड लाटेसारखा तळ, ज्यात टाच आणि मधला भाग एकच असतो, घसाऱ्यावर निकामी. पुढे अंगठ्याखाली दोन-तीन सेंटिमीटर जवळजवळ सपाट रबर असेल तर सोन्याहून पिवळं, कारण कातळटप्प्यावर पाय टेकतो तो तेवढ्याच जागेवर.

देशी जातीत नख रुतण्याची परीक्षा बरेच जोड पास होतात, टाचेची पायरीही बहुधा चांगली असते. नापास होण्याची जागा ठरलेली: मधला भाग फार लवचीक असतो. बूट दोन्ही हातांत धरून ओला कपडा पिळतात तसा पिळून बघा. सहज पिळला गेला तर आडव्या उतारावर दिवसभर पायाच्या नसांना ताण बसणार. बूट बोटांच्या रेषेत वाकायला हवा, मधून नाही.

वाटेवर कसा चालतो

चित दरवाजापासून टकमक टोकाखालच्या झाडीपर्यंत बूट कुठलाही असो, भागतं. सुकलेला पाला आणि त्याखाली लपलेले धोंडे, एवढीच काळजी. इथे पुढचा जाड रबरी गार्ड कामाला येतो. देशी जातीत तो नुसता चिकटवलेला असतो, शिवलेला क्वचित. बोटाने उचकटून बघायचं, कडेला फट दिसली तर दुसरा जोड मागायचा.

खरी परीक्षा पुढे सुरू होते, कड्याच्या कुशीतल्या आडव्या वाटांवर. डावीकडे खाली दरी, उजवीकडे कडा, वाट एका पावलाएवढी आणि तीही बाहेर कललेली. पावसाळा संपून गवत वाळलं की नोव्हेंबर-डिसेंबरात ते उताराच्या दिशेने आडवं होतं. त्यावर पाय ठेवणं म्हणजे चटईवरून चटई ओढणं. खोल खाचा काहीच करत नाहीत, कारण रबर आणि माती यांच्यामध्ये गवताच्या काड्यांचा थर येतो. उपाय पायात आहे: बुटाची डोंगराकडची कड गवताच्या बुंध्यावर दाबून चालायचं. पिळला जाणारा बूट इथेच हरतो, ताठ मधल्या भागाचा बूट कड धरून राहतो. याच काळात कुसळंही भरात असतात. जाळीदार कापडाचे धावायचे बूट त्यांना उघडं दार देतात. कुसळ जाळीतून मोज्यात, मोज्यातून कातडीत जातं आणि प्रत्येक पावलाला टोचतं. कृत्रिम चामड्याच्या देशी बुटात ते शिरत नाही. हा या जातीचा मोठा गुण, आणि जाहिरातीत तो कुणी सांगत नाही. घोट्याभोवती कापडी गेटर, म्हणजे बुटाचं तोंड झाकणारं आवरण, किंवा जुन्या पँटचा पाय कापून बांधला की वरूनही बंदोबस्त होतो.

काळकाईच्या खिंडीचा चढ, म्हणजे रायगड आणि पोटल्याचा डोंगर यांच्या मधली खिंड, हा घसाऱ्याचा भाग. 1818 च्या मे महिन्यात इंग्रजांनी गडावर तोफा डागल्या त्या याच पोटल्याच्या डोंगरावरून. फेब्रुवारीनंतर मुरूम इतका सुका होतो की तळाखाली तो छऱ्यांसारखा फिरतो. चढताना पूर्ण पाऊल टेकवायचं, चवड्यावर चढायचं नाही. उतरताना टाच रोवायची, गुडघे जरासे वाकवून, वजन किंचित पुढे. मागे झुकलं की टाच सुटते, आणि बहुतेक जण इथेच बसतात. चार-पाच मिलिमीटरच्या खाचांचा आणि टाचेच्या पायरीचा देशी बूट या उताराला अगदी योग्य. झिजून खाचा दोन मिलिमीटरच्या खाली गेलेला बूट, कातळावर अजून चालत असला, तरी या खिंडीत आणू नये.

कड्याखालून जाताना एक गोष्ट बुटाबाहेरची. उन्हाळ्याकडे कड्यांना आग्या मोहोळं लटकलेली असतात. अत्तर, परफ्यूम, बिडी-सिगरेटचा धूर आणि आरडाओरडा चारही टाळा. मोहोळ उठलं तर घसाऱ्यावर पळण्यात पाय मोडतो, म्हणून बोलणं आधीच बंद ठेवलेलं बरं.

हिरकणीवाडीला डांबरी रस्ता लागतो. मऊ रबर तापलेल्या डांबरावर लवकर झिजतं. पाठपिशवीत जागा असेल तर इथून साधी चप्पल घालावी. पायालाही आराम.

माथ्यावरची फेरी तुलनेने सोपी, पण तिथे चूक महाग पडते. टकमक टोकाकडे जाताना वाट निमुळती होत जाते आणि वाऱ्याचा झोत अचानक अंगावर येतो. रेलिंग आहे तिथे रेलिंगच्या आत. नाही तिथे काठापासून दोन मीटर. काठावरचं गवत जमिनीवर असेलच असं नाही, खालची माती वाहून गेल्यावर नुसता मुळांचा छज्जा उरलेला असतो. कुठल्याही बुटाचं रबर त्या छज्ज्याला धरून ठेवू शकत नाही. भवानी टोकाकडची वाट उघड्या सच्छिद्र कातळावरून जाते, कोरड्या दिवसात तिथे देशी बूट अक्षरशः चिकटतो. समोर लिंगाण्याचा सुळका, त्याच्यामागे राजगड-तोरणा. ऑक्टोबरच्या सकाळी हवा धुतलेली असताना यासारखा काठ कोकणात दुसरा नाही, हे कुणी कितीही वाद घातला तरी आम्ही म्हणणारच. वाघ दरवाजाकडची उतरंड मात्र उभी आणि सुटी आहे. माहीतगार माणूस सोबत नसेल तर वरूनच बघून परत फिरावं, बूट कोणतेही असोत.

गडाच्या पायऱ्या, चौदाशेहून अधिक, हा स्वतंत्र विषय. असंख्य पावलांनी घासलेला दगड, पावसात त्यावर शेवाळाचा पातळ चिकट थर. या थरावर कोणतंच रबर चालत नाही, महागडंही नाही. कारण रबर दगडाला लागतच नाही, ते शेवाळाला लागतं. पायरीच्या मधोमध, जिथे सर्वांचे पाय पडतात, तिथे शेवाळ कमी असतं. कडेने चालायचा मोह टाळा. काठी वापरत असाल तर लोखंडी टोकावर रबरी टोपण घाला. ते घसरण्यापासूनही वाचवतं आणि शिवकाळातल्या दगडावर ओरखडेही काढत नाही. मुसळधार पावसात प्रशासन कधी कधी पायरीमार्ग बंद ठेवतं, तेव्हा बंदी मानावी. वरून दगड येतात म्हणून ती असते.

"वॉटरप्रूफ"चं काय?

जलरोधक बुटात कापडाखाली एक पातळ पडदा असतो. बाहेरचं पाणी अडवायचं आणि आतली घामाची वाफ बाहेर सोडायची, असं त्याचं काम. वाफ बाहेर जाते ती आतली हवा जास्त दमट आणि बाहेरची कोरडी असेल तेव्हा. जुलैत कोकणात बाहेरची हवाच पाण्याने भरलेली. वाफ जाणार कुठे? पाय आतल्या आत घामाने भिजतो. त्यात वरून कोसळणारा पाऊस पायावरून ओघळत घोट्यातून बुटात शिरतो, एखादा पऱ्या ओलांडताना तर थेट. मग जो पडदा पाणी आत येऊ देत नव्हता तोच बाहेरही जाऊ देत नाही. दिवसभर पाय पाण्याच्या पिशवीत. असा बूट पावसाळी हवेत दोन दिवसांतही सुकत नाही.

हा बूट हिमालयात किंवा कोरड्या थंडीत उत्तम. इथे नको.

देशी बूट जलरोधक नाही आणि तसा दावा कुणी केला तर विश्वास ठेवू नका. तो भिजणार. पण मोजा काढून पिळला, बूट उलटा करून झटकला की पुन्हा चालता येतं. त्याचा खरा दोष वेगळा: कृत्रिम चामड्यातून हवा खेळत नाही. एप्रिल-मेच्या उन्हात प्रदक्षिणेला पाय शिजतो, फोड येतात. सुती मोजे घालू नयेत, ते घाम धरून ठेवतात आणि ओलं कापड कातडीवर घासतं. पॉलिस्टर किंवा लोकर मिसळलेले मोजे, एक जोड पायात, एक पिशवीत. काळकाईच्या खिंडीत बसून मोजे बदलले की उरलेला दिवस सुखाचा जातो. टाचेवर गरम लागायला लागलं की तिथेच थांबून सर्जिकल टेपची पट्टी लावायची, फोड उठायची वाट पाहायची नाही.

माप

बूट संध्याकाळी घ्यायचा, तेव्हा पाय सुजून मोठा झालेला असतो. ट्रेकला जे मोजे घालणार तेच घालून. लेस न बांधता पाय पुढे सरकवा, बोटं टोकाला टेकू द्या. टाचेमागे एक बोट आरामात मावलं पाहिजे. मग टाच मागे ठोकून लेस बांधा आणि दुकानाची पायरी असेल तर ती उतरा, चार-पाच वेळा. अंगठा पुढे आपटत असेल तर तो बूट नको. गडावरून चौदाशे पायऱ्या उतरताना तेच आपटणं हजारदा होतं आणि नख काळं पडतं.

कोकणातल्या बऱ्याच जणांचा पाय लहानपणापासून अनवाणी किंवा चपलेत वाढलेला, पुढून रुंद. देशी जातीतले काही साचे पुढे निमुळते आहेत, त्यात करंगळी दबते. अशा वेळी मोठं माप घेणं हा उपाय नाही. लांबी वाढते, रुंदी तेवढी वाढत नाही, आणि टाच सुटी होते. दुसरा साचा शोधा. आतली गादी बाहेर काढून जमिनीवर ठेवा आणि तिच्यावर उभं राहा. पाय गादीच्या कडेबाहेर पसरत असेल तर त्या बुटात तो दबणारच.

टाच उचलली जाते असं वाटलं तर लेसची शेवटची दोन भोकं वापरा: एका बाजूला लेस वरच्या भोकात आतून घालून छोटा फास करायचा, दुसऱ्या बाजूची लेस त्यातून ओवायची आणि खाली ओढून बांधायची. उतरण्याआधी हे करावं, चढताना वरचा भाग जरा सैल चालतो. उंच घोट्याचा बूट पाय मुरगळण्यापासून वाचवतो असं सर्रास सांगितलं जातं. आमचा त्यावर फारसा विश्वास नाही. उंच घोट्याचा उपयोग काटे, करवंदाच्या जाळ्या आणि आत उडणाऱ्या खड्यांपासून. पाय मुरगळतो तो बहुतेकदा थकल्यावर, उतरताना, नजर दरीकडे असताना.

कुठे मोडतो आणि का

या बुटाची पहिली हार चिकटवणीत होते, रबर झिजण्याच्या कितीतरी आधी. पुढच्या टोकाला, जिथे बूट वाकतो, तिथे तळ उघडतो. ओलावा, मग ऊन, मग पुन्हा ओलावा, असं झालं की गोंद सुटतो. गाडीच्या काचेमागे, पत्र्याच्या पडवीत किंवा चुलीजवळ बूट वाळवणं म्हणून वर्ज्य. गादी आणि लेस काढायची, आत वर्तमानपत्र कोंबायचं, दर दोन-तीन तासांनी बदलायचं, पंख्याखाली सावलीत ठेवायचं.

नवा जोड वापरायला काढण्याआधीच मोच्याकडून कडेने शिलाई मारून घ्या. तळाची कड बुटाच्या अंगावर चढलेली असेल तरच ती घेता येते, आणि शिलाई त्या कडेतून आडवी जायला हवी. खालून उभी मारली तर दगडावर धागा घासून तुटतो. मेण लावलेला जाड नायलॉनचा धागा सांगायचा. भोकांतून थोडं पाणी शिरेल, पण हा बूट तसाही भिजणारच आहे. या एका शिलाईने बुटाचं आयुष्य दुपटीच्या आसपास जातं, असा वापरणाऱ्यांचा सर्वसाधारण अनुभव आहे. पंक्चरचं सोल्युशन लावून चिकटवणं तात्पुरतं, पहिल्या भिजण्यात जातं.

महागड्या बुटांची हार वेगळी आणि जास्त धोक्याची. त्यांपैकी अनेकांत तळाच्या वरचा थर पॉलियुरेथेनचा असतो. हवेतल्या ओलाव्याने त्याची रासायनिक साखळी तुटत जाते, आणि पाच ते दहा वर्षांत, कधी त्याआधीही, तो बिस्किटासारखा भुगा होतो. बूट वापरला नाही, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून कपाटात जपून ठेवला, तर लवकरच होतो. कोकणची हवा यासाठी सर्वांत वाईट. बाहेरून बूट नवाकोरा दिसतो आणि भवानी कड्याखाली अख्खा तळ गळून पडतो. जुना बूट बाहेर काढला की अंगठ्याने तो थर दाबून बघा. तडे दिसले, चिकट लागलं किंवा पावडर सुटली, तर तो घरातून बाहेर नेऊ नका. देशी जातीत बहुधा एकतर रबराचा जाड तळ असतो किंवा ईव्हीए नावाचा हलका, स्पंजासारखा फोम. ईव्हीए अशा रीतीने कुजत नाही, फक्त दबून चपटा होतो.

वाटेत तळ सुटलाच तर: चवड्यावरून आणि कमानीवरून नायलॉनची दोरी, तिच्यावर चिकटपट्टीचे पाच-सहा वेढे. अगदी टोकाला गुंडाळू नका, पकड जाते. त्यासाठी दीड मीटर दोरी आणि काठीवर गुंडाळून ठेवलेली थोडी चिकटपट्टी प्रत्येकाकडे असावी. पाणी तीन लिटर, निघायची वेळ सकाळी सहाची, हे प्रदक्षिणेला वेगळं सांगायला नको.

समुद्राकडे नेऊ नका

याच बुटांनी हरिहरेश्वरची प्रदक्षिणाही करायची हौस अनेकांना असते. तिथे डोंगराच्या पोटातल्या फटीतून पायऱ्या उतरून वाट थेट लाटांनी कोरलेल्या कातळावर येते, आणि ती फक्त ओहोटीला, समुद्र शांत असताना चालायची. भिजत्या भागातल्या हिरव्या थरावर या बुटाचा काडीचाही उपयोग नाही. खाऱ्या पाण्याने लेसचे लोखंडी हूक गंजतात ते वेगळंच. गेलाच असाल तर घरी आल्या आल्या गोड्या पाण्याने धुऊन काढा. रत्नागिरीकडच्या जांभ्याच्या सड्यावर बूट पकडतो छान, पण जांभ्याच्या धारदार कडा मऊ रबर किसतात. सड्यावर रोज चालणाऱ्याने रायगडासाठी वेगळा जोड ठेवावा.

गुण

कोरड्या कातळावरची पकड: दहापैकी नऊ. घसारा: आठ. आडवे गवताळ उतार: सहा, आणि तोही ताठ मधल्या भागाचा जोड मिळाला तर. ओला घट्ट कातळ: पाच. शेवाळ: शून्य, सगळ्यांनाच. उन्हाळ्यातला आराम: चार. टिकाऊपणा शिलाईसह आठ, शिलाईविना पाच.

ज्यांचे गुडघे दुखतात किंवा वजन जास्त आहे त्यांनी हा बूट तसाच घेऊ नये. आतली गादी फारच पातळ, पायऱ्या उतरताना प्रत्येक धक्का वर जातो. तीन-चारशे रुपयांची जाड ईव्हीए गादी वेगळी घेऊन घाला. मात्र बुटाचं माप त्या गादीसकटच बघा, नाहीतर वरून पाय दाबला जातो. फक्त पावसाळ्यात आणि फक्त पायऱ्यांनी वर जाऊन येणार असाल तर जाळीचे, मऊ रबराचे धावायचे बूट याहून बरे, पाणी पटकन निथळतं आणि कुसळंही तेव्हा नसतात. प्रदक्षिणा आणि माथ्यावरचा काठ, ऑक्टोबर ते मार्च, यासाठी मात्र देशी रबरी तळच. घेतल्यावर आधी आठवडाभर गावातल्या बांधांवरून, पाणंदीतून रोज तासभर वापरा. वरचं चामडं नरम पडायला तेवढा वेळ लागतो, आणि कुठे टोचतं ते कळल्यावर मोच्याकडे जायला हाताशी दिवस असतात.